मोहन्याची सीडी

डोंबिवली (पूर्व)
११ ऑगस्ट २०२५

चि. विनीतभावजींना आसावरीवहिनीचे आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकलात ना? डोंबिवली आणि कल्याणच्या मध्ये एक ठाकुर्ली काय ती, आणि ही बाई पोस्टाने पत्र पाठवते! पण करू काय? फोनवर मी बोलले की समोरच्याला नुसती फुसफुस ऐकू येते. परवा गॅसवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "बाई, असले घाणेरडे फोन करायला लाज नाही वाटत?" आणि ठेवून दिला. हे इतके हसले की मला सिलिंडरचं विसरायलाच झालं.

तुम्हाला घरी बोलावलं असतं, पण आलात की तुम्हीही सगळ्यांसारखे माझ्याशी ओरडून बोलाल. माझा गळा गेलाय हो, कान नाही गेले! हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

थायरॉइडच्या ऑपरेशनला आता दोन वर्षं होतील. डॉक्टर म्हणतात अजून थोडे महिने थांबा, आवाज येईल. थांबते आहे. पण गेल्या रविवारी नात आलेली, सान्वी. चार वर्षांची आहे, पण जीभ ही एवढी! माझ्या मांडीवर बसून म्हणाली, "आजी, तू सारखी गुपितंच का सांगतेस?" सगळे हसले. मीही हसले. मग गॅलरीत जाऊन कपडे काढायच्या निमित्ताने रडून घेतलं. तिला माहीतच नाही की ही आजी कधी बोलायची, गायची, शेजारपाजारचे खिडक्या लावून घेतील इतकी भांडायची.

तर काम असं. तुम्ही मोहने गावी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतात तेव्हा माझी गाणी कॉम्प्युटरवर घेतली होतीत आणि सीडी राइट केली होतीत. ती मला हवी आहे. माझी प्रत कुठे गेली ते विचारू नका. विचारणारच तुम्ही, म्हणून सांगते: तुमच्या अण्णांनी, म्हणजे ह्यांनीच, ती कबुतरं पळवायला गॅलरीत सुतळीने टांगली. चकाकतं त्याला कबुतरं घाबरतात म्हणे. कबुतरांनी तिच्याच खाली अंडी घातली. उन्हापावसाने सीडीचा पार पापड झाला.

म्हणजे उरली तुमच्याकडची एकच. मला एकदा माझा आवाज ऐकायचाय, भावजी. दुसरं काही नको.

मावशींना नमस्कार. 
तुमची, 
आसावरीवहिनी


कल्याण (पश्चिम)
१९ ऑगस्ट २०२५

ती. वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं, नुसतं गॅसवाल्यापर्यंत. पुढचं माझ्याच्याने मोठ्याने वाचवेना.

सीडीचं नाव काढलंत आणि मी सरळ मोहन्याला जाऊन पोचलो. आठवतं तुम्हाला? आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात सीडी वाचणारा पहिला ड्राइव्ह आला, तेव्हा सीडी तशीच आत जायची नाही. एका चपट्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवायची आणि ती डबी आत सरकवायची. आमचे साहेब त्या डबीला रुमालाने धरायचे. मी तेव्हाच ठरवलेलं की घरी सीडी लिहिणारं मशीन आणीन. आणलं. आणि बळीचा बकरा म्हणून तुम्हाला धरलं.

राइटिंगचा तो दिवस! कॉम्प्युटर क्षणभर जरी अडखळला तरी सीडी बाद. मधेच थांबून पुन्हा सुरू करायची सोयच नव्हती. म्हणून मी सगळ्या घराला स्टॅच्यू करून टाकलेलं. फ्रिज बंद, आईला मिक्सर लावायचा नाही, खालच्यांना इस्त्री करायची नाही, दाराच्या बेलची वायर काढून ठेवलेली. अण्णा दाराबाहेर स्टूल टाकून पहाऱ्यावर. बेलचा आणि सीडीचा काडीचा संबंध नाही हे आता कळतं, तेव्हा मी घाबरून सगळ्या जगालाच गप्प बसवत होतो. तरी पहिल्या दोन फुकट गेल्याच. आईने त्यांच्यावर पुढे वर्षभर चहाचे कप ठेवले.

तिसरी बाहेर आली आणि तुम्ही कडेने धरून म्हणालात, "एवढीशी चकती, आणि त्यात मी मावले?" तुम्हाला दिलेली प्रत मी नंतर काढली.

आता वाईट बातमी. माळ्यावरचे खोके दोनदा उपसले. मुलांच्या गेमच्या सीड्या आहेत, प्रिंटरच्या आहेत, कुणाकुणाच्या लग्नाच्या आहेत. तुमची नाही. मोहन्याचं घर सोडताना सामान टेम्पोत कोंबलेलं, त्यात काही झालं असेल का कोण जाणे. पण मी टाकलेली नाही हे शंभर टक्के. ड्राइव्ह मात्र आहे बरं का. कारखाना बंद झाला तेव्हा भंगारात निघालेला एक जुना उचलून आणलेला, अजून फिरतो. आजकालच्या लॅपटॉपला तर सीडी घालायला फटच नसते.

गणपती तोंडावर आलेत. ते झाले की पुन्हा शोधतो.

तुमचा, 
विनीत


डोंबिवली (पूर्व)
२३ ऑगस्ट २०२५

चि. भावजी,

गणपती झाले की काय? तोवर मी काय तोंडात मोदक घालून बसू?

खोके उपसू नका. मावशींना विचारलंत का? तुम्ही पुरुष ना, घरात हरवलेली वस्तू माळ्यावर शोधता आणि घरातल्या बाईला सोडून सगळ्यांना विचारता. मला पक्कं आठवतंय, ती सीडी त्या दिवशी मावशींनी माझ्या हातातून पदरात घेतली होती. पदरात, भावजी. टाकायची वस्तू कुणी पदरात घेतं का?

वहिनी


कल्याण (पश्चिम)
१० सप्टेंबर २०२५

ती. वहिनी, नमस्कार.

सापडली. आधी बसून घ्या, मग पुढे वाचा.

मी आईला विचारलं, "आई, आसावरीवहिनींची सीडी पाहिलीस का कुठे?" ती फुलवाती करत होती. मान वर न करता म्हणाली, "आहे की. रोज आंघोळ करून नमस्कार करतोस तिला."

वहिनी, आमच्या देव्हाऱ्यात पितळेचा गणपती आहे ना, त्याच्या पाठीमागे प्रभावळ म्हणून जे चकाकतंय, ती तुमची सीडी आहे! आम्ही मोहन्याला होतो तेव्हापासून. सीडी आहे एवढं मला दिसत होतं, मी काही आंधळा नाही. पण बाद झालेल्या दोघींपैकी एक आईने शोभेला लावली असेल असं मी धरून चाललेलो. कॉम्प्युटरवाला म्हणवतो स्वतःला! आणि आईला पहिल्यापासून माहीत होतं कोणती ते. मी म्हटलं, "अगं, मग बोलली का नाहीस?" तर म्हणे, "तू विचारलंस कधी? त्यात तिचा आवाज आहे म्हणालास, म्हटलं देवालाही ऐकू दे."

मी हात घातला काढायला. तर आईने माझ्या हातावर चापट मारली. शहाऐंशी वर्षांच्या बाईची चापट, पण लागली. म्हणाली, "ती हलायची नाही. आसावरीचं ऑपरेशन झालं त्या दिवशी मी देवाला सांगितलंय. पोरीचा गळा परत दे. तोवर ही इथेच राहणार, आणि तिच्यापुढे रोज संध्याकाळी दिवा लागणार. गळा आला की मी स्वतःच्या हाताने काढून देईन."

मी खूप समजावलं. ती बधेना. आणि खरं सांगू, मलाही हात लावायची भीती वाटतेय, ती वेगळ्या कारणाने. लोक सीडीची चकचकीत बाजू जपतात. पण लिखाण असतं ते दुसऱ्या बाजूला, जिथे आपण नाव लिहितो तिथे, एका पातळ पापुद्र्याखाली. नेमकी तीच बाजू आईने देव्हाऱ्याच्या लाकडाला चिकटवलीय. ओढली आणि तो चंदेरी पापुद्रा लाकडालाच राहिला, तर माझ्या हातात नुसतं पारदर्शक प्लॅस्टिक येईल. मग तुमचा आवाज आमच्या देव्हाऱ्याच्या फळीला चिकटलेला, आणि जगातलं कुठलंच मशीन तो वाचू शकणार नाही.

म्हणून म्हणतो, घाई नको. डॉक्टरांनी थोडेच महिने सांगितलेत ना? तुमचा आवाज आला की आई आपणहून काढेल, तोवर मी सोडवायची काहीतरी युक्ती शोधतो. लवकर बऱ्या व्हा, म्हणजे दोन्ही कामं होतील.

तुमचा, 
विनीत


डोंबिवली (पूर्व)
१५ सप्टेंबर २०२५

ती. मावशींना आसावरीचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र भावजी तुम्हाला वाचून दाखवतील. भावजी, एक अक्षरही गाळायचं नाही. गॅसवाल्यापाशी थांबलात तसं इथे थांबू नका.

मावशी, तुम्ही माझ्यासाठी दिवा लावता हे मला माहीत नव्हतं.  सख्ख्या आईने केलं नसतं एवढं तुम्ही केलंत.

पण मी तुमच्याशी खोटं वागते आहे. सगळ्यांशीच. डॉक्टरांनी मला चैत्रातच सांगितलंय. गळ्याची नस गेली ती गेली, आता आवाज येणार नाही. मी एकटीच गेले होते त्या दिवशी. घरी आले तर हे दारातच उभे. "काय म्हणाले?" मी म्हटलं, "अजून थोडे महिने." त्यांनी लगेच कॅलेंडर काढलं आणि मोजायला बसले. मग मला खरं सांगवेना. आता तर रोज सकाळी मला कोमट पाण्यात हळद घालून देतात, आणि मी ती मुकाट्याने पिते. त्यांची आशा तोडायला मला तोंडच नाही, आणि असतं तरी त्यातून काय निघालं असतं, फुसफुस!

म्हणून तुमच्या देवाला आता मोकळं करा. तुमचा नवस खोटा नव्हता, मावशी. पण ही गोष्ट देवाच्याही हातातली राहिलेली नाही. त्याच्या पाठीशी ती चकती आणखी दहा वर्षं ठेवलीत तरी मी गाणार नाही. 

मला आता गाता येणार नाही. पण मी गात होते, हे मलाच आताशा खरं वाटेनासं झालंय. कधीकधी वाटतं, मी आधीपासून अशीच होते की काय? डोक्यात माझाच आवाज आठवायला जाते तर दुसऱ्याच कुणाचा येतो. तेवढ्यासाठी मागते आहे. मोडली तरी चालेल, पण एकदा काढून बघा.

ह्यांना यातलं काही कळता कामा नये. कधीतरी मीच सांगेन.

तुमची, 
आसावरी


कल्याण (पश्चिम)
९ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनी, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. पत्र वाचून दाखवलं, एक अक्षर गाळलं नाही. आईने माझ्याकडून पत्र मागून घेतलं, वाचता येत नाही तरी हातात धरून बसली. मग म्हणाली, "आता पितृपक्ष. मग घट बसतील. देव हलवायचा नाही. दसरा होऊ दे." 

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ती देव्हाऱ्यापुढे बसली. सीडीला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. गणपतीची उत्तरपूजा करतो ना, अगदी तशी. देवाशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, बरंच बोलली एवढं खरं. शेवटी वाटीतलं दही बोटावर घेतलं. मी किंचाळलोच, "आई, सीडीवर दही नको!" तर म्हणते, "गाढवा, तुला देतेय. सोडवायचं काम तुझं आहे." माझ्या तळहातावर दही ठेवलं.

मी ब्लेड, हेअर ड्रायर, काय काय जमवून बसलेलो. आईने विचारलं, "हे कशाला?" म्हटलं, चिकटवलीस ना, सोडवायला नको? तेव्हा ती जे बोलली ते ऐकून मी तिच्या पायाच पडलो. "बाजारातला सरस हाडांचा असतो, तो का देवाला चालतो? मी कणकेची खळ केली होती." कणकेची खळ, वहिनी! पाण्यात विरघळणारी! त्या वेळी घरात माझी गोंदाची ट्यूब पडलेली होती. आई एवढी सोवळ्याची नसती तर सगळं संपलं होतं. ओला पंचा कडेकडेने लावून ठेवत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सीडी आपणहून सुटून तिच्या हातात आली, अख्खी.

आता उरलेलं. तेही खरंच सांगतो.

देव्हाऱ्यात दिवसरात्र छोटा बल्ब असतो, त्यात निरांजनाची काजळी. उजेडाने सीडीचा रंग बाहेरच्या बाजूने पार उडालाय. फक्त मधे, गणपतीच्या डोक्याची सावली पडायची तेवढा एक गोल जसाच्या तसा आहे. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते. सीडी आतून बाहेर. म्हणजे जे आधी लिहिलं ते गणपतीने झाकून ठेवलं, जे नंतरचं ते गेलं.

जुन्या ड्राइव्हमध्ये घातली. नवी मशीनं अशा सीड्या लगेच बाहेर थुंकतात. हा म्हातारा घरघरत, थांबत, मागे जात वाचत राहिला. मी पुन्हा मोहन्यासारखा घरातला फ्रिज बंद करून बसलो, उगाचच. तीन दिवस प्रयत्न केले. गाणी नाही मिळाली, वहिनी. एकही नाही. पहिला ट्रॅक तेवढा मिळाला. तो मी माइक चालतोय का बघायला घेतलेला, नंतर कापायचा आळस केला म्हणून राहिला. मिनिटभर असेल. त्यात तुम्ही नुसत्या बोलताय. शेवटी पेटीचा सूर लागतो आणि तिथेच संपतं.

मला फार वाईट वाटतंय. तुम्ही गाणं मागितलंत आणि मी तुम्हाला माइक टेस्टिंग पाठवतोय. सोबत पेन ड्राइव्ह आहे, टीव्हीच्या मागे लावला की वाजेल.

आईने एक वाक्य लिहायला सांगितलंय: "दिवा मी लावतेच आहे, आता काही मागत नाही."

तुमचा, 
विनीत


डोंबिवली (पूर्व)
१६ ऑक्टोबर २०२५

चि. भावजींना आशीर्वाद, मावशींना नमस्कार.

वाईट वाटून घ्यायचं बंद करा. आणि ह्यांना आता सगळं माहीत आहे, त्यामुळे पत्रं लपवायची गरज नाही. कसं कळलं ते सांगते.

पाकीट आलं तेव्हा हे स्वयंपाकघरात गवार मोडत बसलेले. मी ते हॉलमध्येच उघडलं. गाणी नाहीत हे वाचून माझा जीव इतका खट्टू झालेला की म्हटलं, आधी एकटीने ऐकावं, रडायचं असेल तर रडून घ्यावं. पेन ड्राइव्ह लावला. टीव्हीचा आवाज किती ठेवलाय हे बघायचं राहिलं. बातम्यांना हे ठेवतात तेवढा, म्हणजे सोसायटीच्या गेटपर्यंत.

आधी खरखर. मग मी. "चालू झालं का? लाल दिवा लागला म्हणजे चालू ना?" भावजी, माझा आवाज असा होता? मला वाटायचं गोड होता. चांगला खणखणीत, भांडकुदळ आहे हो! मग "भावजी, तुम्ही हसू नका, मला हसू फुटतं," आणि मी जे हसलेय! असं हसायला गळा लागतो हे मी विसरूनच गेले होते. गाणी मी मनातल्या मनात केव्हाही म्हणते, ती मला तोंडपाठ आहेत. पण हे हसणं मला कुठून मिळणार होतं? तुम्ही कापायचा आळस केलात त्याबद्दल तुमच्या तोंडात साखर पडो.

सान्वीलाही काल ऐकवलं. "ही बाई कोणावर ओरडतेय?" म्हणाली. मी तिच्या कानात सांगितलं, "आबांवर." तिला ते एकदम पटलं.

तर त्या दिवशीचं. हसणं थांबतं आणि मी ओरडते, "अहो! तो पंखा बंद करा आधी, त्याची घरघर येतेय!" तुमच्या लक्षात असेल, ट्रॅकमध्ये आहे ते.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "हो हो, करतो." हे गवारीचे हात पंचाला पुसत बाहेर आले आणि आमच्या हॉलमधला पंखा बंद केला. 

बटणावर हात तसाच राहिला. टीव्हीवर पेटीचा सूर लागला आणि संपला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नुसती बसून होते, तोंड मिटलेलं. ते मग हळूच म्हणाले, "आता नाही ना यायचा तो परत?"

मी मान हलवली.

ते येऊन माझ्याशेजारी बसले. "परत लाव," म्हणाले. लावलं. पुन्हा लावलं. ऑक्टोबरचा उकाडा काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, दोघंही घामाने निथळत होतो. पण मी बंद करा म्हणाले होते ना, म्हणून त्यांनी संध्याकाळपर्यंत पंखा लावला नाही.

तुमची, 
आसावरीवहिनी